पिकाइतकीच लेकराच्या मनाचीही पाहणी करा



जून उजाडला की शेतात पेरणीची आणि घरात शाळा-कॉलेजची लगबग सुरू होते. त्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात गेलात, तर पुस्तकांच्या दुकानांपुढे पैठण, गंगापूर, वैजापूरकडची मंडळी हमखास भेटतात. १९१५ साली स्थापन झालेली सरस्वती भुवन संस्था याच भागातली. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले शिक्षणासाठी या रस्त्यांवरून गेली. आई-बापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण एक प्रसंग सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, हाती आलेली पिके पाण्यात गेली. त्यानंतर, दिवाळीच्या आधी, औरंगपुऱ्यात मला एक ओळखीचे शेतकरी भेटले. खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाला डबा आणि भाड्याचे पैसे द्यायला आले होते. मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "लेका, कपाशी गेली, मका गेला. आता सगळं तुझ्यावरच हाय."

मुलगा काही बोलला नाही. मी दोघांना चहाला नेले. बराच वेळ गेल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "काका, रात्री झोप येत नाही. पुस्तक उघडलं की घरचंच दिसतं." वडील चपापले. मला हळूच म्हणाले, "साहेब, मला वाटलं, पोरगं शहाणं झालंय म्हणून गप्प राहतं."

बंधूंनो, बापाचे बोल वाईट हेतूचे नव्हते. पण शेताचे नुकसान सतरा वर्षांच्या मुलाच्या मार्कांतून भरून निघत नसते. ते ओझे आपण नकळत त्याच्या डोक्यावर देतो.

लक्षणे वेळीच ओळखा

पान पिवळे पडले तर आपण झाडावर रागावत नाही. मुळाशी काय झाले ते पाहतो. मुलांचेही तसेच आहे. झोप उडणे किंवा दिवसभर लोळून राहणे, जेवण कमी होणे, मित्र तोडणे, बारीकसारीक गोष्टीवर चिडणे, शाळेच्या वेळेलाच रोज पोट किंवा डोके दुखणे, अभ्यासात एकदम मागे पडणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर "नाटकं करतो" म्हणून सोडून देऊ नका. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे मूल बोलले, तर ती गोष्ट त्याच दिवशी मनावर घ्या. अशा वेळी जवळ बसून सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मूल मोकळे होते.

घरात हे करा

पहिले काम माझ्या खात्याशी संबंधित आहे. फवारणीचे औषध घरात, माळ्यावर किंवा गोठ्यात उघडे ठेवू नका. पेटीत ठेवून कुलूप लावा, किल्ली मोठ्या माणसाकडे राहू द्या. उरलेले औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका. मनातले वादळ पुष्कळदा थोड्या वेळाचे असते. त्या वेळी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

दुसरे, मुलाला घरची परिस्थिती जरूर सांगा. पण त्याबरोबर "कर्जाचं आम्ही मोठी माणसं बघू" हेही सांगा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. दहावी-बारावीत विषय राहिला, तर जून-जुलैमध्ये मंडळाची पुरवणी परीक्षा असते. हे निकालाच्या आधीच मुलाच्या कानावर घाला.

मदत कोठे मिळते?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे आहे. पालकसभेत फक्त मार्क विचारून परत येऊ नका. "आमच्या मुलांचं ऐकून घेणारं माणूस शाळेत कोण आहे?" असेही विचारा.

१४४१६ हा 'टेलि-मानस'चा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. तापाला डॉक्टर, तसा मनाच्या आजारालाही डॉक्टर.

त्या मुलाला वडील घाटीत घेऊन गेले. त्याचे शिक्षण चालू आहे. आता दर रविवारी बाप फोन करतो तेव्हा आधी विचारतो, "जेवलास का? झोप लागते का?" मार्कांचे नंतर.

तुम्हीही आज रात्री जेवताना आपल्या लेकराला एवढेच विचारून पाहा, आणि ते बोलू लागले की मध्ये न बोलता ऐका.