सांघिक खेळांतील खेळाडूंचा ताण आणि सामाजिक आधार

प्रस्तावना :
सांघिक खेळात खेळाडू एकटा नसतो, त्यामुळे त्याच्यावरील ताण आपोआप वाटला जातो, असा एक समज आहे. तो अंशतःच खरा आहे. पारंपरिक खो-खोमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मधल्या ओळीत बसतात व नववा पाठलाग करतो. खो मिळण्यापूर्वीच उठलेल्या एका खेळाडूची चूक सर्व संघाला भोवते. पराभवाच्या भीतीबरोबरच सहकाऱ्यांच्या नाराजीची व संघातून वगळले जाण्याची भीती येथे असते.

संकल्पना :
लाझारस व फोकमन यांच्या १९८४ मधील मांडणीनुसार, प्रसंगाची मागणी आपल्या क्षमतेपलीकडची आहे असे व्यक्तीला वाटले की ताण निर्माण होतो. आपल्या पाठीशी कोणीतरी आहे ही जाणीव ताणाचे दुष्परिणाम सौम्य करते, असे कोहेन व विल्स यांनी १९८५ मध्ये प्रतिपादन केले. जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले :
१) भावनिक आधार – आपुलकी, धीर देणे.
२) साधनरूप आधार – आहार, पैसा, प्रवास, वेळ.
३) माहितीपर आधार – सल्ला, मार्गदर्शन.
४) मूल्यमापनपर आधार – कामगिरीविषयी प्रामाणिक अभिप्राय.

एक उदाहरण :
धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर, सुमारे दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे त्यांनी सांगितले. शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावरच चांगला आहार मिळे. २०१६ मध्येच घरच्या आर्थिक अडचणींमुळे त्यांनी खेळ सोडण्याचे ठरविले होते. समुपदेशनानंतर त्या मैदानावर परतल्या, असे त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी नमूद केले आहे. आर्थिक स्थैर्य मात्र २०१९ मध्ये शासकीय नोकरी मिळाल्यावर आले. भावनिक आधाराने खेळाडू टिकली, परंतु ताणाचे मूळ साधनरूप आधारानेच दूर झाले. आधार गरजेशी जुळणारा असावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाविद्यालयाची भूमिका :
कोपरगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी खेड्यांतून एस. टी.ने येणाऱ्या विद्यार्थिनीला सायंकाळच्या सरावानंतर शेवटची गाडी चुकण्याची चिंता असेल, तर प्रोत्साहनपर भाषण तिच्या उपयोगी पडत नाही. सरावाची वेळ बदलणे उपयोगी पडते. स्पर्धेमुळे अंतर्गत परीक्षा बुडणाऱ्या खेळाडूला पुनर्परीक्षेची हमी हवी असते. ही जबाबदारी केवळ जिमखाना विभागाची नसून विषयशिक्षकांचीही आहे.

प्रशिक्षक हा आधाराचा व ताणाचा असा दुहेरी स्रोत असतो. संघनिवड त्याच्याच हाती असल्याने दुखापत किंवा भीती त्याच्यापुढे मांडण्यास खेळाडू कचरतात. म्हणून निवडीशी संबंध नसलेला एखादा प्राध्यापक प्रत्येक संघासाठी पालकशिक्षक म्हणून नेमणे इष्ट ठरेल.

समारोप :
संघ असणे आणि आधार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पदक मिळाल्यावर होणारा सत्कार हा गौरव होय. आधार त्यापूर्वी, खेळ सोडण्याचा विचार मनात येतो तेव्हा आवश्यक असतो. त्या वेळी खेळाडूला नेमके काय हवे आहे, हे विचारण्यापासून सुरुवात व्हावी.