राणीची बाग (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय)

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय हे मुंबईतील भायखळा येथील सुमारे ५० एकर क्षेत्राचे वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय आहे. त्याचे पूर्वीचे नाव व्हिक्टोरिया गार्डन्स असे होते. व्हिक्टोरिया राणीच्या नावावरून रूढ झालेले ‘राणीची बाग’ किंवा ‘राणीबाग’ हे नाव अधिकृत नामांतरानंतरही प्रचारात आहे. उद्यानाची व्यवस्था बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे.

इतिहास

ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग पूर्वी शिवडी येथे होती. त्या जागी पुढे दफनभूमी झाली आणि माझगाव-भायखळा परिसरात नवे उद्यान उभारण्यात आले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ते लोकांसाठी खुले झाले. १८७३ मध्ये ते नगरपालिकेकडे आले. प्राण्यांसाठी १८९० मध्ये सुमारे १५ एकर जागा जोडण्यात आली. म्हणजेच ही जागा आधी वनस्पती उद्यान होती व प्राणिसंग्रहालय नंतर आले. उद्यानाविषयीच्या पुढील काळातील अनेक वादांचे मूळ या क्रमात आहे.

वनस्पती

उद्यानात तीन हजारांहून अधिक वृक्ष असून त्यांत देशी वृक्षांबरोबर आफ्रिकेतील गोरखचिंच, म्यानमारमधील उर्वशी व दक्षिण अमेरिकेतील कैलासपती यांचा समावेश होतो. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत एवढी जुनी व विविध वृक्षराजी क्वचितच आढळते. त्यामुळे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासासाठी व परिसरातील रहिवासी सकाळी फिरण्यासाठी येथे येतात.

वास्तू व शिल्पे

प्रवेशद्वारालगत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने सुरू झाले. त्याच्यासमोर डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळ मनोरा आहे. घारापुरी बेटाला ज्याच्यामुळे ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले, तो दगडी हत्ती हलवताना भंगला होता. तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. काळा घोडा चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये येथे आणला गेला.

पुनर्विकास व वाद

लोखंडी गजांचे अरुंद पिंजरे हे जुन्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख वैगुण्य मानले जाई. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यानंतर प्राण्यांच्या निवासाविषयीचे निकष कडक झाले. मात्र २००७ च्या सुमारास मांडलेल्या विस्तृत आराखड्याला वृक्षप्रेमी नागरिकांनी विरोध केला. प्राण्यांना मोकळी जागा देताना जुने वृक्ष व उद्यानाचा वारसा बाधित होईल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुढे काम टप्प्याटप्प्याने करण्यात आले.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावल्याने या प्रकल्पावर टीका झाली. मूळचा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील हा पक्षी दमट हवेच्या मुंबईत वातानुकूलित कक्षातच ठेवावा लागतो. मार्च २०१७ मध्ये हा कक्ष प्रेक्षकांसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी येथे भारतातील पहिले पेंग्विनचे पिल्लू जन्मले, पण ते सुमारे आठवडाभरच जगले. त्यानंतरच्या वर्षांत जन्मलेल्या पिल्लांमुळे पेंग्विनांची संख्या वाढली. २०२० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी आणण्यात आली.

पर्यटन

नव्या दालनांत काचेआडून प्राणी पाहता येतात. मुक्त पक्षी विहारात प्रेक्षक जाळीच्या आत, पक्ष्यांमधूनच चालतात. वाघ, बिबट्या, अस्वल, तरस, पाणघोडा व हरणे हे इतर प्राणी आहेत.

ऑगस्ट २०१७ पर्यंत प्रौढांसाठी प्रवेशशुल्क ५ रुपये होते. ते ५० रुपये करण्यात आले. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीट ठेवण्यात आले. गिरणगावातील सर्वसामान्यांचे स्वस्त सहलीचे ठिकाण म्हणून बागेची ओळख असल्याने ही वाढ वादग्रस्त ठरली.

उद्यान बुधवारी बंद असते. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आल्यास ते खुले राहते व दुसऱ्या दिवशी बंद ठेवले जाते. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकाच्या पूर्व बाजूने पायी चालत येथे पोहोचता येते.