बोर्ड ‘मेला’ म्हणायच्या आधी एवढं तपासा

ग्राहकाचा रास्पबेरी पाय ४ बंद पडला की लगेच नवा बोर्ड त्याच्या गळ्यात मारू नका. आधी लाल दिवा बघा. तो विझलेला किंवा लुकलुकत असेल, तर ॲडॅप्टर बदला; याला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. लाल दिवा ठीक, पण हिरवा लुकलुकत नाही? दुसरं कार्ड घाला. तरीही ढिम्म, तर रिकव्हरी कार्ड बनवून बूटलोडर पुन्हा भरा. शेवटी मल्टिमीटर: पिन २ वर ५ व्होल्ट येतात, पण पिन १ वर ३.३ येत नाहीत, तर बोर्ड खरंच गेला. मोजताना या दोन पिना एकमेकींना जोडल्या गेल्या, तर चांगला बोर्डही जळेल.

तपासणीचे पैसे आधीच ठरवा. मग ‘साहेब, फक्त ॲडॅप्टर गेलाय’ हे खरं सांगताना तुमचं नुकसान होत नाही. आणि असा कारागीर गिऱ्हाईक सोडत नाही.