घराण्याचा इतिहास फोनवर, तोही फुकटात: आडनाव नको, गाव शोधा

मागच्या दिवाळीत कुर्डुवाडीला घरी होतो. फराळ करताना आजी सहज बोलून गेली, "तुझे पणजोबा बार्शी लाइटला होते." मी विचारलं, कुठल्या साली लागले? "ते काय ठावं बाबा. छोटी गाडी होती तवा."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच फोन काढून सर्च केलं. पहिलीच एक परदेशी वंशावळीची साइट आली. १४ दिवस फुकट, फक्त ऑटोपे चालू करा म्हणाली. केलं. आडनाव टाकल्यावर ढीगभर निकाल आले, पण त्यात आमच्या घरचं एकही माणूस नव्हतं. मग ते विसरूनही गेलो. पंधराव्या दिवशी खात्यातून दोन हजारांच्या वर रक्कम गेली, ती काही परत आली नाही.

म्हणून पहिला सल्ला असा: अशी ट्रायल कधी चालू केलीच, तर त्याच दिवशी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे भागात जाऊन ती परवानगी रद्द करा. दुसरा सल्ला म्हणजे हा पूर्ण लेख. कारण नंतर जे काही सापडलं, त्यासाठी कुठलंच सबस्क्रिप्शन लागलं नाही.

पैसे भरूनही का सापडत नाही?

या साइट्स मुळात युरोप-अमेरिकेच्या कागदपत्रांवर उभ्या आहेत. तिकडे चर्चच्या वह्यांमध्ये जन्म, लग्न, मृत्यू नावानिशी लिहिलेले असतात. जनगणनेचे जुने फॉर्मही ठरावीक वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरी भरलेली माहिती गोपनीय असते. तिचे फक्त आकडे छापले जातात.

आपल्याकडे सरकारने माणसाची नोंद ठेवली ती मुख्यतः जमिनीच्या निमित्ताने, गावाच्या दप्तरात. त्या जुन्या नोंदींत बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच असतं, आडनाव गायब. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर आपल्या नोंदींची 'की' आडनाव नाही, गाव आणि गट नंबर आहे. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

पायरी १: आधी आजी रेकॉर्ड करा

फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर चालू करा (विचारून!). घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात करा. सरकारी दप्तर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, आजीचं तसं नाही.

एक ट्रिक सांगतो. साल विचारू नका, घटना विचारा. कुर्डुवाडीत आमच्याकडे रेल्वे हेच कॅलेंडर आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ ला बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. १९५४ ला कंपनी जाऊन सरकार आलं. आजीला विचारलं, पणजोबा लागले तेव्हा गाडी मिरजेला जायची का? ती म्हणाली, "मामंजी सांगायचे, मिरजेची लाइन नवी नवी होती." म्हणजे १९२७ च्या थोडं नंतर. एका प्रश्नात दशक मिळालं. तुमच्या गावात १९७२ चा दुष्काळ असेल, धरण असेल, एखादा पूर असेल. तशी खूण वापरा.

पायरी २: ट्रंकेतले कागद

शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, पेन्शनचे कागद, लग्नपत्रिका. सगळ्यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. शाळेच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर असतो. तो घेऊन शाळेत गेलात तर मूळ नोंद बघण्याची विनंती करता येते. इंग्रजी किंवा देवनागरी छपाई असेल तर गुगल लेन्स मजकूर उचलून देतो.

पायरी ३: महाभूलेख

आता गावाचं नाव घेऊन महाभूलेख साइटवर जा. आमच्यासाठी विभाग पुणे, जिल्हा सोलापूर, तालुका माढा, मग गाव. गट नंबर माहीत असेल तर तो टाका, नसेल तर नावाने शोधा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये लागतात, पण आपल्याला तो नको. विनासहीचा सातबारा माहितीसाठी फुकट दिसतो.

सातबाऱ्यावर मालकांची नावं बघून थांबू नका. खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात, ते लिहून घ्या. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली, याची ती नोंद. प्रोग्रामर मित्रांनो, सातबारा म्हणजे आजचा कोड आणि फेरफार म्हणजे त्याची कमिट हिस्टरी.

एक अडचण येईल. आजोबांच्या कागदावरचा नंबर आज जुळणार नाही. १९४७ च्या कायद्यानंतर गावोगावी जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर कुठल्या गटात गेला, हे तलाठ्याकडे विचारा किंवा शेजारच्या भावकीचा सातबारा उघडून बघा. जमीन विकली गेली असेल तरी भावकीच्या गटावरून माग लागतो.

पायरी ४: जुना फेरफार

महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर जुन्या सातबारा-फेरफारांचे स्कॅन आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार असं निवडत जायचं. तुमचं गाव यादीत नसेल तर फेरफार क्रमांक घेऊन तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा. नकलेची फी लागते, पण ती एकदाच. दर महिन्याला कापली जात नाही.

मी माढ्याला जाऊन नक्कल काढली. १९६६ ची वारस नोंद. पणजोबा वारले, वारस तीन. आजोबा, त्यांचे भाऊ आणि एक बहीण.

बहीण? आमच्या घरात हिचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. त्याच्या पुढचाच फेरफार होता हक्कसोडीचा: बहिणीने भावांच्या लाभात हक्क सोडला.

हे फक्त आमच्या घरचं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या मागे मुलीचं नावही वारसांत येऊ लागलं. त्यामुळे कित्येक घरांत बाईचं नाव जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा दिसतं ते वारस नोंदीत आणि शेवटचं दिसतं ते हक्कसोडीत. पणज्या, आत्या, मावश्या शोधायच्या असतील तर तिथे बघा.

पायरी ५: कोतवाल बुक आणि मोडी

गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही, तिलाच कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं राज्यभर उघडली गेली. सापडलेल्या नोंदींचे स्कॅन अनेक जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तालुका-गावाप्रमाणे टाकलेले आहेत. ते कुणालाही फुकट बघता येतात.

पण जुनी पानं मोडीत असतात आणि तिथे लेन्स हात टेकतो. २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीची अक्षरं आहेत, तरी ती टाइप करण्यासाठी. हाताने पळवलेली जोडाक्षरं वाचणं हे वेगळं काम. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल मांडलं आहे. तरी घरच्या कागदासाठी आज माणूसच बरा. स्पष्ट फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

तुमचं मूळ लातूर, धाराशिव, बीड अशा मराठवाड्यातलं असेल तर तो भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कागद उर्दूत आणि साल फसली मिळू शकतं. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. शक असेल तर ७८ मिळवा.

आणखी तीन फुकट जागा

फॅमिलीसर्च: अमेरिकेतल्या एका चर्चची ना-नफा साइट, अकाउंट फुकट. इथे भारतातल्या तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही यजमानांच्या वंशावळी असतात. तिकडे कुणी जाणार असेल तर मूळ गावाचं नाव देऊन पाठवा. तिथेही शोध गावावरूनच सुरू होतो.

अभिलेख पटल: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. घरातलं कुणी सरकारी नोकरीत किंवा चळवळीत असेल तर बघाच.

इंटरनेट आर्काइव्ह: इथे १८८४ चं सोलापूर गॅझेटिअर पूर्ण वाचता येतं. व्यक्तीचं नाव मिळणार नाही, पण तालुका, बाजार, दुष्काळ, रस्ते सगळं आहे. शोधताना जुनी स्पेलिंग वापरा. इंग्रजीत सोलापूर तेव्हा 'शोलापूर' होतं आणि आमचं कुर्डुवाडी स्टेशन 'बार्सी रोड'.

फुकटातही किंमत असते

जिवंत माणसांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव पब्लिक फॅमिली ट्रीमध्ये टाकू नका. ओळख पटवायला हेच प्रश्न विचारले जातात. डीएनए किट तर फार विचार करून. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. शिवाय तुमच्या डीएनएत तुमच्या भावंडांचीही माहिती असते.

आणि ती बहीण?

नक्कल घेऊन आजीसमोर बसलो आणि नाव वाचलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माझी थोरली नणंद. लातूरच्या लाइनीवर दिली होती. सही करून गेली, त्यानंतर दोन-तीनदाच आली असंल." मग तासभर बोलत राहिली. तिच्या लग्नात मांडव कुठे होता, माहेराहून परत जाताना छोट्या गाडीच्या खिडकीतून ती कशी हात करायची. सगळं रेकॉर्ड केलंय.

त्यांच्या नातवंडांचा नंबर आम्ही अजून शोधतोय. गावाचं नाव मात्र आता मिळालंय, म्हणजे सुरुवात तरी झाली.

तुम्हीही घरी गेलात की आधी रेकॉर्डर चालू करा. पोर्टल नंतर उघडा.