जन्मभराचे रसिक

रसिक हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. पांढरेशुभ्र धोतर किंवा परीटघडीचा पायजमा, कानात अत्तराचा फाया, पहिल्या रांगेत राखीव जागा, आणि समेवर येताच हलणारी मान. हा गृहस्थ बहुधा पुण्यामुंबईचा असतो. फार तर नागपूरचा. साकोली-लाखांदूरकडच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस रसिक असू शकेल, ही कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाही.

पण शास्त्र काय म्हणते ते पाहा. आपल्या साहित्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ असे नाव आहे, आणि अभिनवगुप्ताने त्याचे जे लक्षण सांगितले त्याचा मथितार्थ असा की, काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याच्या मनाचा आरसा घासून लख्ख झाला आहे तो सहृदय. या लक्षणात अत्तराची अट कुठेच नाही. पदवीची तर नाहीच नाही, आणि हे मी एम. ए. च्या वर्गाला सांगतो तेव्हा वर्ग थोडा सुखावतो! अट आहे ती सहवासाची. एकदा नव्हे, दहादा नव्हे, जन्मभर. ही अट पुरी करणारी माणसे पाहायची असतील तर भाऊबीज उलटल्यावर भंडारा जिल्ह्यात यावे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. गोंदिया तर १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होते. जंगल, तलाव आणि धान, ही या मुलखाची ओळख. बोलीही निराळी. इथे पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक आदबशीर ‘जी’ लागतो. धानाचे काम मृगापासून माणसाची मान वर होऊ देत नाही. रोवणी, निंदण, मग दिवाळीच्या सुमारास कापणी. धान घरात आले की मग गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरे का! मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि तिचे दिवस शेजारच्या गावांनी असे वाटून घेतलेले असतात की, एका गावची मंडई दुसऱ्या गावच्या मंडईला सहसा आड येत नाही. कारण उघड आहे. प्रत्येकाला दुसऱ्याच्या गावी जायचे असते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, पोरीला स्थळ पाहायचे तेही याच दिवसांत उरकून घेतात. आणि दिवसा किंवा रात्री, कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे नाटक.

या तिघांविषयी थोडे सांगायला हवे. दंडार ही गावची आपली. गावातलीच मंडळी नाचतात, गातात, आणि मधून एखादा प्रसंग उभा करतात. झाडीबोलीचे ज्येष्ठ अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ‘झाडीपट्टीची दंडार’ या आपल्या पुस्तकात तिचा विस्ताराने विचार केला आहे. आजच्या झाडीपट्टीच्या नाटकाचे मूळ शोधू जावे तर ते पुष्कळसे या दंडारीपाशी येऊन पोहोचते. खडी गंमत हा शाहिराचा खेळ. उभ्याने चालतो म्हणून खडी. शाहीर, मागे झील धरणारे, डफ, तुणतुणे, ढोलकी, बाईचा वेष केलेला नाच्या, आणि हसवणारा एक गडी. झाला फड तयार. दोन फड समोरासमोर आले की त्याला आमच्याकडे ‘दुय्यम’ म्हणतात. एक कलगीचा, एक तुऱ्याचा. कलगीवाला शक्तीचा अभिमानी, तुरेवाला शिवाचा. प्रकृती थोर की पुरुष थोर, हा वेदांताचा प्रश्न इथे डफावर थाप मारून विचारला जातो, आणि त्याचे उत्तर न आल्यास गाव हसते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला यापेक्षा कडक परीक्षक मिळणे कठीण. मध्यप्रदेशची सीमा जवळ असल्यामुळे एकाच बैठकीत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही कवने चालतात, त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

नाटकाची कथा वेगळी. जुन्या काळी गावच्या हौशी मंडळींनी दोन महिने तालीम करायची आणि स्त्री-भूमिकेसाठी नागपूरहून नटी आणायची असा प्रघात होता. पुढे व्यावसायिक कंपन्या निघाल्या, आणि गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचे देसाईगंज, हे त्यांचे पीठ झाले. गावाने वडशाला जायचे, नाटक ठरवायचे, विसार द्यायचा. मोकळ्या जागेत माती खणून प्रेक्षकांची जागा सखल करायची आणि मंच उंच करायचा, भोवती कनात ठोकायची. मंचासमोर ऑर्गन-तबलावाले बसतात, नटांच्या डोक्यावर ध्वनिक्षेपक टांगलेले असतात. पडदा रात्री दहाच्या पुढे वर जातो आणि प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. डिसेंबर-जानेवारीच्या त्या थंडीत, चवाळ्यावर बसून, घोंगडीत पोर गुंडाळून, सारे गाव जागते.

आता माझा मुद्दा. शहरातले माझे काही स्नेही विचारतात, ‘अहो, तेच तेच पाहायला या लोकांना कंटाळा कसा येत नाही?’ प्रश्न वाजवी आहे. नाटकात तोच दारुडा, तीच सोशिक सून, तोच पाटील. खडी गंमतीत तेच सवाल. ज्याची साठी उलटली आहे अशा माणसाने एकेक वग पंचवीस-तीसदा ऐकलेला असतो. पुढचे वाक्य त्याला नटाच्या आधी ठाऊक असते. मग तो जातो कशाला?

उत्तर असे की, ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच गोष्ट कशी सांगितली ते दिसते. नवखा प्रेक्षक ‘पुढे काय झाले’ यात गुंतलेला असतो. जुन्याचा जीव त्यातून मोकळा झालेला असतो. शाहिराने चाल नेहमीपेक्षा अर्धी पट्टी वर धरली, ढोलकीवाल्याने एक थाप मुद्दाम उशिरा टाकली, नटाने ठरलेल्या वाक्यात आज गावच्या सरपंचाला चिमटा काढला, हे त्याला तात्काळ कळते, आणि त्याचा आनंद त्या एवढ्याशा फरकात असतो. ख्याल ऐकणारा तरी दुसरे काय करतो? बंदिशीचे शब्द दोन ओळींचे. ते कळायला दोन मिनिटे लागतात. मग तास-दीड तास माणूस बसतो तो कशासाठी?

आणि हा रसिक भोळा आहे असे समजू नये. त्याच्याइतका कठोर माणूस नाही. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज ध्वनिक्षेपकातून आधी आला आणि नटाचा मागून, तर तो मागे वळून शेजाऱ्याला म्हणतो, ‘नाटक तर त्या विंगेतल्यानंच केलं जी!’ गाणे आवडले तर वन्समोर घेतो, बक्षिशी देतो. शाहीर अडखळला तर कवनाची पुढची ओळ मंडपातूनच येते, आणि ती देणारा पुष्कळदा अंगठेबहाद्दर असतो. गेल्या पिढीतल्या फडाशी आजच्या फडाची तुलना तर इतक्या बारकाईने चालते की ऐकणाऱ्याला वाटावे, घरातल्या वाटणीचा वाद चालला आहे.

ही जात केवळ आमच्याच मुलखात आढळते असे मात्र नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने मला एकदा इंग्लंडमधल्या ‘हॉकविंड’ नावाच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण आग्रहाने ऐकवले. हा वृंद १९६९ साली लंडनमध्ये निघाला. त्यांच्या संगीताला ‘स्पेस रॉक’ म्हणतात. एकच ठेका लांबच लांब धरून ठेवायचा, त्यावर विजेच्या वाद्यांचे घोंघावणारे, शीळ घालणारे आवाज सोडायचे, आणि ग्रहताऱ्यांच्या प्रवासाच्या कथा गायच्या असा तो प्रकार. खरे सांगायचे तर पहिल्या दहा मिनिटांत माझे डोके दुखले. नंतर मात्र त्या अखंड ठेक्यात मला आमच्या दंडारीची लांबलेली रात्र ऐकू येऊ लागली. पण तो माझ्या कानांचा दोष असेल.

मला त्यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. या वृंदातली माणसे पन्नास वर्षांत इतक्यांदा बदलली की आरंभापासून टिकलेला एकच, डेव्ह ब्रॉक. त्याचा जन्म १९४१ चा. ‘सिल्व्हर मशीन’ हे त्यांचे गाणे १९७२ साली तिकडे अतिशय गाजले. त्यात ज्याचा आवाज आहे तो लेमी १९७५ साली वृंदाबाहेर पडला. तरी श्रोते हलले नाहीत. विशीत जे ऐकायला लागले ते सत्तरीतही जातात, आणि जाताना नातवाला घेऊन जातात. मग वृंद म्हणजे नेमके कोण? वाजवणारे, की ऐकणारे? आमच्या फडांचीही हीच गत आहे. शाहीर जातो, त्याचा झीलकरी शाहीर होतो, नाच्या म्हातारा होऊन डफ धरतो. फडाचे नाव राहते, कारण ते नाव लक्षात ठेवणारा मंडपात बसलेला आहे. आणखी एक साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७० साली ‘आइल ऑफ वाइट’ बेटावर तिकिटाचा मोठा संगीतोत्सव झाला, तेव्हा ही मंडळी कुंपणाबाहेर राहून फुकट वाजवीत बसली होती. कनातीच्या बाहेर बैलगाडीवर चढून नाटक पाहिलेल्या आमच्या पोरांना हे वाचून आनंद होईल.

या निष्ठेची कसोटी अलीकडे दोनदा लागली. झाडीपट्टीत नाटकाचे आणि शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, नाते जुने आहे. दिवसा पट, रात्री नाटक. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. पुन्हा परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. बैलांच्या हालाचा प्रश्न खरा होता, त्याविषयी मला येथे वाद घालायचा नाही. सांगायचे ते एवढेच की, मधल्या सात वर्षांत दिवसाचे निमित्त गेले तरी रात्रीचे नाटक उभे राहिले. लोक पटासाठी येतात आणि आलेच आहेत म्हणून नाटकाला बसतात, असे मानणाऱ्यांना ते एक उत्तर मिळाले. दुसरी कसोटी महामारीची. २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम जवळजवळ कोराच गेला. नट, वादक, पडदेवाले, रंगभूषाकार, ज्यांचे वर्षाचे मीठमिरची या चार महिन्यांवर चालते, त्यांच्या घरी काय झाले असेल ते सांगायला नको. पण नंतरच्या हंगामात कनाती पुन्हा लागल्या. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका हा त्यांचा हिशेब. तो वाचून मला प्रथम वाटले, हे पाच हजार प्रयोग पाहिले कोणी? त्या पाहणाऱ्यांच्या हिशेबाची वही कोणी ठेवलेली नाही.

नाटकाची मला तशी काळजी नाही. त्यात आता रेकॉर्डवरचे नाच घुसतात, विनोद घसरतो, जुने लोक नाक मुरडतात. पण पैसा फिरतो आहे तोवर ते चालेल. काळजी आहे ती दंडारीची आणि खडी गंमतीची. तिथे विसार थोडा, फड थोडे, आणि नाच्याचे काम करायला तरुण मुलगा तयार होत नाही. तयार झाला तर त्याचे लग्न जमत नाही, हेही खरे. दुय्यमाला माणसे जमतात, पण त्यांत डोक्याला पागोटे किंवा पांढरी टोपी असलेलीच अधिक. सवालातली खोच कळून ‘वा’ म्हणणारे चौघे उठून गेले की शाहीरही खोचदार सवाल टाकायचे सोडतो. का सोडू नये? ज्याला दाद नाही ते कोण किती दिवस करील? अशा वेळी तो सिनेमाच्या चालीकडे वळतो, आणि आपण मात्र कला बुडाली म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडतो.

शाहिराची कवने त्याच्या हस्तलिखित वहीत असतात. ती वही तो सहसा कोणाला दाखवीत नाही. प्रतिपक्षाच्या हाती पडली तर सगळे सवाल फुकट जातात ना! शाहीर गेला की वही पेटीत राहते, आणि आमच्या मुलखातली वाळवी फार विद्वान आहे. अशा वेळी ते कवन कुठे सापडायचे? ते सापडते ज्याने तीस वर्षे पुढे बसून ऐकले त्याच्याजवळ. चाल त्याला ठाऊक, शब्द त्याला ठाऊक, कोणत्या गावच्या मंडईत कोणत्या शाहिराने त्याला काय उत्तर दिले तेही ठाऊक. १९४८ साली सुरू झालेल्या आपल्या नागपूर केंद्राने अनेक कलावंतांचे आवाज श्रोत्यांपर्यंत पोचविले आहेत. त्याच्या जोडीने या ऐकणाऱ्यांचेही ध्वनिमुद्रण करता येईल. साधने आता महाग राहिलेली नाहीत. कॉलेजातल्या मुलांच्या खिशातसुद्धा ती असतात. मी माझ्या वर्गाला यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत एवढेच काम दिले आहे. ज्याच्या घरी आजोबा किंवा आजी असतील त्याने मंडईच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसावे, आणि त्यांनी ऐकलेला सगळ्यांत जुना सवाल त्यांच्याच तोंडून, चालीसकट, टिपून आणावा. मुले म्हणतात, ‘सर, आजोबा म्हणतात आवाज लागत नाही.’ लागत नसला तरी चालेल, असे मी त्यांना कळवले आहे.