शिवी कापली, पण कुणाच्या सोयीसाठी?

‘द फ्रेंच कनेक्शन’ सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो. न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह पोपाय डॉयल आपल्या जखमी जोडीदाराची टर उडवतो. एका कृष्णवर्णीय संशयिताने त्याच्यावर चाकू चालवलेला असतो. ‘एन’ने सुरू होणारी ती कुप्रसिद्ध शिवी हासडून डॉयल म्हणतो, या लोकांवर भरवसा ठेवायचाच नाही. तो गोराही असू शकला असता, असं जोडीदार म्हणतो. त्यावर डॉयलचा निकाल : मग कुणावरच ठेवू नये.

विल्यम फ्रीडकिनच्या या १९७१च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. डॉयलच्या तोंडची भाषा जीन हॅकमनला बोलायला जड गेली होती, पण त्याच भूमिकेने त्याला ऑस्कर दिलं. २०२३च्या जूनमध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आलं की अमेरिकेत क्रायटेरियन चॅनलवर आणि टीसीएमवर दिसणाऱ्या प्रतीतून हे संवाद गायब आहेत. मोजून काही सेकंद. कात्री लागल्याची सूचना मात्र कुठेच नव्हती. २०१९मध्ये फॉक्स स्टुडिओ विकत घेतल्यापासून चित्रपटाचे हक्क डिस्नेकडे आहेत.

या कात्रीने कुणाचं भलं झालं? कृष्णवर्णीय प्रेक्षकाचं तर नाही. बारमध्ये घुसून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना भिंतीशी उभं करणारा डॉयल पुढे आहेच. शिवी गेल्यामुळे एवढंच झालं, की त्या दांडगाईमागचा द्वेष त्याच्याच तोंडून ऐकू येईनासा झाला. फ्रीडकिनला असा पोलीस दाखवायचा होता, की जो गुन्हेगाराच्या मागे झपाटल्यासारखा लागतो आणि तरीही माणूस म्हणून नकोसा वाटतो. आता नायक थोडा धुऊन निघाला.

उलटं उदाहरण ‘गॉन विथ द विंड’चं. १९३९च्या या चित्रपटाच्या पटकथेत हीच शिवी होती. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं आणि एनएएसीपी ही संघटना यांनी चित्रीकरणाआधीच दबाव आणला, सेन्सॉरचं काम पाहणाऱ्या कार्यालयानेही सावध केलं आणि निर्माता डेव्हिड सेल्झनिकने अखेर ती काढली. विजय खराच होता, पण अपुरा. ‘डार्की’ हा हिणवणारा शब्द राहिला. मालकांवर जीव टाकणारे समाधानी गुलामही राहिले. मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनियल अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकली नाही, कारण तिथे वर्णभेदाचे कायदे होते. १९४०मध्ये ऑस्कर घेण्यासाठी गेली, तेव्हाही तिला बाकी कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. भाषा स्वच्छ आणि चित्रपट खोटा, असंही असू शकतं.

२०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर एचबीओ मॅक्सने हा चित्रपट तात्पुरता काढला आणि अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रास्ताविकासह परत आणला. चित्रपटातलं एकही वाक्य बदललं नाही. डिस्नेला हे जमण्यासारखं होतं.

ब्रिटनमधल्या ‘द डॅम बस्टर्स’चा (१९५५) पेच आणखी निराळा. स्क्वाड्रनप्रमुख गाय गिब्सनच्या काळ्या कुत्र्याचं नावच ती शिवी होतं आणि जर्मनीतल्या धरणांवरच्या १९४३च्या हल्ल्यात म्योने धरण फुटल्याचा सांकेतिक शब्दही तोच. टीव्हीवर नाव कापलं की इतिहास पुसल्याची ओरड होते, ठेवलं की तक्रारी येतात. इथे मला कापणारेही फार दोषी वाटत नाहीत. कुत्र्याच्या नावावर कथेचं काही अडत नाही.

याचा अर्थ ‘वास्तव दाखवतोय’ म्हटलं की सगळं माफ, असा नाही. क्वेंटिन टॅरँटिनोच्या ‘जँगो अनचेन्ड’मध्ये (२०१२) ही शिवी शंभराहून जास्त वेळा येते. दिग्दर्शक स्पाइक ली तेव्हा भडकला. टॅरँटिनोच्याच ‘जॅकी ब्राऊन’च्या (१९९७) वेळी त्याचं म्हणणं होतं : मी स्वतः माझ्या चित्रपटांत हा शब्द वापरतो, पण टॅरँटिनोला त्याची भुरळच पडली आहे. ‘जँगो’ची गोष्ट १८५८ची, गुलामांचे मालक सभ्य बोलणार नव्हते. पण ‘पल्प फिक्शन’मध्ये (१९९४) टॅरँटिनो स्वतः एका गोऱ्या गृहस्थाच्या भूमिकेत स्वयंपाकघरात उभा राहून ती शिवी पुन्हा पुन्हा उच्चारतो. तिथे काळाची सबब नाही आणि बायको कृष्णवर्णीय दाखवल्याने फरक पडत नाही. लेखकाला ते वाक्य बोलायची हौस आहे, असंच वाटतं. तो प्रसंग कापावा असं मला तरीही वाटत नाही. पण त्याची तारीफ करणाऱ्यांनी लीचा आक्षेपही त्याच दमात सांगायला हवा.