तिसरा रकाना

दहावीच्या वर्गाचा निरोपसमारंभ जवळ आला, म्हणजे साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, विद्यार्थ्यांच्या दप्तरांतून एक असे बाड हिंडू लागते की ज्याला कोणत्याही अभ्यासक्रमात स्थान नाही, ज्याची तपासणी कोणतेही शिक्षक करीत नाहीत आणि जे तरीही प्रत्येकाने मोठ्या निष्ठेने, शुद्धलेखनाची पर्वा न करता का होईना, पूर्ण भरून दिलेले असते. आजची मुले त्याला 'स्लॅमबुक' म्हणतात. त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या स्वाक्षरीवहीचे ते चौकस भावंड. एका पानावर एक असामी. नाव, टोपणनाव, जन्मतारीख, रास, आवडता रंग, आवडता नट अशी किरकोळ जमाबंदी उरकली की तीन महत्त्वाचे रकाने येतात : मोठेपणी कोण होणार, छंद कोणता आणि सर्वांत जास्त चीड कशाची येते, म्हणजे खुद्द मुलांच्या भाषेत सांगायचे तर, 'काय डोक्यात जातं'.

या तिहींपैकी पहिला रकाना वडीलधाऱ्यांना फार प्रिय, दुसरा शिक्षकांना सोयीचा आणि तिसरा कोणाच्याच खिजगणतीत नसलेला. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, पंधरा वर्षांचे मूल समजून घ्यायचे असेल तर हा क्रम उलटा लावावा.

पहिल्या रकान्याचा इतिहास हा बव्हंशी महाराष्ट्राच्या नोकरीपेशाचाच इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले, 1859 साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे पुढे न्यायासनावर बसले, भांडारकर रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होऊन पुढे प्राच्यविद्येचे आचार्य झाले. परंतु मागून येणाऱ्या सामान्य मॅट्रिकवाल्याची झेप कचेरीतल्या कारकुनीपासून शिरस्तेदारीपर्यंत आणि फारच दैव उघडले तर मामलेदारीपर्यंत, अशी पायरीपायरीने मोजलेली असे. त्याहून उंच पाहणाऱ्यासाठी दोन शिखरे होती : शाळेत असताना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आणि पुढे विलायतेची आय.सी.एस. परीक्षा. चिंतामणराव देशमुख यांनी 1912 साली मॅट्रिकला पहिले येऊन शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, आय.सी.एस.मध्येही पहिला क्रमांक मिळवला आणि 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हा आदर्श घरोघरच्या मुलांपुढे किती वेळा ठेवला गेला असेल आणि त्यातल्या किती जणांनी तो निमूटपणे ऐकून घेतला असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मुलींच्या बाबतीत तर बराच काळ हा रकानाच अस्तित्वात नव्हता. 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, जे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले. 1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या. आणि हुजूरपागेतच शिकलेल्या इरावती कर्वे पुढे मानववंशशास्त्राच्या अभ्यासात आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या विदुषी झाल्या. 'कोण होणार?' हा प्रश्न आपल्यालाही विचारला जावा, एवढ्याचसाठी एका पिढीला झगडावे लागले, हे आज त्याच प्रश्नाला कंटाळलेल्या विद्यार्थिनींनी एकदा आठवून पाहण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर या रकान्यातली उत्तरे सरकारी ठरावांच्या आणि मैदानांच्या हुकमाने बदलू लागली. 1961 साली साताऱ्याला सैनिक शाळा निघाली आणि लष्करातील अधिकारपद हे ग्रामीण शाळकरी मुलाच्याही आवाक्यातले स्वप्न झाले. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पाहता पाहता 'इंजिनिअर' हे उत्तर इतके सार्वत्रिक झाले की त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन 'नाहीतर डॉक्टर' असे लिहिणारा मुलगाही स्वतंत्र विचारांचा वाटावा. फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोघा शाळकरी मुलांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हापासून क्रिकेटपटू होण्याच्या उत्तराला घरातूनही मूकसंमती मिळू लागली; मात्र दहावी झाल्यावर, ही पोटकलमाची अट कायम राहिली.

महत्त्वाकांक्षेची ही एकसुरी वाट केवळ आपल्याकडचीच आहे असे मात्र नव्हे. आर्थिक सहकार व विकास संघटनेने 2018 च्या आपल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना तिसाव्या वर्षी कोणते काम करीत असाल असे विचारले, तेव्हा 41 देशांतील 47 टक्के मुलांनी आणि 53 टक्के मुलींनी अवघ्या दहा व्यवसायांपैकीच एकाचे नाव सांगितले. महाराष्ट्रात राज्य मंडळाने 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली आणि ललित कलांपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रे मांडून मुलांचा कल शोधण्याचा स्तुत्य प्रयत्न केला. पण कल एकीकडे आणि प्रवेश-अर्ज दुसरीकडे, हा संसार आपल्या घरांना नवा नाही. तात्पर्य, पहिला रकाना मुलाच्या हस्ताक्षरात असला तरी त्याचा मजकूर बहुधा काळ सांगतो आणि आईवडील वाचून पाहतात.

दुसऱ्या रकान्याची गोष्ट थोडी निराळी. मराठीत छंद म्हणजे वृत्तही आणि आवडही. नाद म्हणजे ध्वनीही आणि व्यसनही. ज्या भाषेत एखाद्या गोष्टीत रमलेल्या मुलाला 'नादी लागला' असे म्हणतात, तेथे छंदाकडे पाहण्याची नजर थोडी संशयी असणारच. तथापि मुलांनी छंद जोपासले आणि काही संस्थांनी त्यांना आधार दिला. बालभारतीने 1971 साली 'किशोर' मासिक सुरू केले, कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती जलरंगाची पेटी दिली, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेने सहावी-नववीच्या मुलांना प्रयोगाची गोडी लावली. पुढे चित्रकलेला, शास्त्रीय संगीताला, लोककलेला आणि खेळांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगलाच होता; पण ज्या क्षणी छंदाची नोंद गुणपत्रिकेत होते त्या क्षणी तो छंद अर्धा विषय होतो, आणि विषय झाला की त्याला शिकवणी आलीच. म्हणूनच मुले या रकान्यात 'वाचन, चित्रकला' असे दोन सभ्य शब्द लिहून शेवटी लहान अक्षरांत 'झोपणे' असे जोडतात. त्या यादीतला निखळ, बिनगुणांचा छंद तेवढाच उरलेला असतो.

आता तिसरा रकाना. येथे ना काळ सांगतो, ना आईवडील वाचून पाहतात. येथे आढळणाऱ्या नोंदी पाहाव्यात : पेन उसने नेऊन टोपणाविना परत करणारा आणि टोपण परत केलेच तर ते चावून देणारा, तास संपताना सर्व वर्ग श्वास रोखून बसलेला असता 'बाई, गृहपाठ तपासायचा राहिला' अशी आठवण करून देणारी कर्तव्यदक्ष मुलगी, 'माझा तर काहीच अभ्यास झाला नाही' असे परीक्षेच्या दारात शपथेवर सांगून वर्गात पहिला येणारा हुशार मित्र, आपण अजून दुसऱ्या प्रश्नाशी झुंजत असता मागच्या बाकावरून खणखणीत आवाजात 'सर, पुरवणी!' अशी आरोळी ठोकणारा. डब्याचे झाकण उघडण्यापूर्वीच आतल्या पोळीवर वहिवाटीचा हक्क सांगणारी टोळी. शारीरिक शिक्षणाच्या तासाला हातात खडू घेऊन वर्गात शिरणारे गणिताचे शिक्षक. कोणी एकाने शीळ घातली म्हणून पन्नास जणांना उभे करणारा न्याय. आणि घरी आलेला तो पाहुणा, जो 'कितवीला?' आणि 'किती टक्के?' या दोन प्रश्नांपलीकडे संभाषणाचा तिसरा प्रश्न जन्मात शिकला नाही.

या नोंदी विनोदी आहेत खऱ्याच. पण क्षणभर हसू आवरून त्यांची वर्गवारी केली तर दिसते की, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा न्यायबुद्धी आहे. टोपण चावणाऱ्याविषयीची तक्रार ही उसन्या वस्तूच्या विश्वस्तपणाची तक्रार आहे. हुशार मित्रावरचा राग हा असत्याचा राग आहे. खेळाचा तास गेल्याचे दुःख हे ठरलेले वेळापत्रक बलवानाने मोडल्याचे दुःख आहे. सामुदायिक शिक्षेची चीड तर कायद्याचे प्राथमिक तत्त्वच सांगते. पहिल्या रकान्यात 'न्यायाधीश' असे लिहिणाऱ्या मुलापेक्षा तिसऱ्या रकान्यात 'एकाची शिक्षा सगळ्यांना' असे लिहिणारा मुलगा न्यायासनाच्या अधिक जवळ उभा असण्याचा संभव आहे. वेळापत्रकाची काटेकोर कदर करणारी मुलगी पुढे एखादे कार्यालय चालवील, आणि पुरवणीच्या आरोळीने विचलित होणारा मुलगा कदाचित निवांत, एकांताचे काम शोधील. पण यातले काहीही आपण त्यांना कधी विचारलेले नसते. कलचाचणीचे प्रश्न तज्ज्ञ तयार करतात. चिडीचा हा रकाना मात्र मुले स्वतःच तयार करतात, स्वतःच भरतात आणि एकमेकांना वाचून दाखवून हसतात.

त्यांच्या त्या हसण्यात एक शहाणपण आहे, ज्याची दखल आपल्या शिक्षणव्यवस्थेने घेतली पाहिजे. वर्गशिक्षकांनी वर्षातून एकदा, नावे न घेता, फक्त हा तिसरा रकाना वर्गाकडून भरून घ्यावा आणि शिक्षकसभेत तो मोठ्याने वाचावा. त्यासाठी ना अनुदान लागेल, ना शासननिर्णय. लागेल ते एवढेच, की त्यात स्वतःचा उल्लेख सापडला तरी रागावू नये.

आणि वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल. फराळाला कोणाकडे जाल तेव्हा तेथे नववी-दहावीतले एखादे मूल चिवड्याची वाटी घेऊन आपल्यासमोर येईल. त्याला टक्के विचारू नका, पुढे काय करणार हेही विचारू नका. सर्वांत जास्त काय डोक्यात जातं, एवढे विचारा, आणि उत्तरात 'पाहुणे' असे आले तर ते शांतपणे ऐकून घ्या.